कमानीखालचा श्वास

मिरज-सांगली रस्त्यावर कमान उभी राहिली आणि त्यानंतर तिसऱ्या महिन्यात हेमलता मगदूमचं पीयूसी केंद्र बंद झालं. बावीस वर्षं ती पेट्रोलपंपाच्या कोपऱ्यातल्या त्या टपरीत बसून गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये नळी घालत आली होती. "काकू, धूर नंतर बघा, आधी कागद द्या," म्हणणाऱ्यांना ती शांतपणे सांगायची, "कागद मी देणार, पण धूर तुमच्याच पोराबाळांच्या नाकात जाणार. गाडी चालू करा." त्यामुळे तिच्याकडे गर्दी बेताचीच असायची, पण परिवहन खात्यात तिचं नाव चांगलं होतं. केंद्रं बंद करून रस्तोरस्ती कमानी बसवायचं सरकारने ठरवलं, तेव्हा खात्याने तिला बोलावून घेतलं. यंत्र कितीही हुशार असलं तरी धूर ओळखणारं एक माणूस त्याच्याजवळ हवंच होतं.

कमान दिसायला फार काही नव्हती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन खांब, वर आडवी तुळई, पलीकडच्या खांबात आरशांची पट्टी. अलीकडच्या खांबातून लेसरचा झोत निघायचा आणि रस्ता ओलांडून, आरशावर आपटून परत यायचा. हा प्रकाश अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. फणीच्या दातांसारख्या हजारो बारीक छटा त्यात ओळीने असत. प्रत्येक वायूची खोड वेगळी. तो आपल्या ठरावीक छटाच गिळतो, बाकीच्यांना तोंड लावत नाही. गाडी पुढे गेली की तिच्यामागे रेंगाळणाऱ्या हवेतून झोत आरपार जायचा आणि परत आलेल्या फणीचे कोणते दात पडलेत ते बघून यंत्र सांगायचं, या धुरात कार्बन मोनॉक्साइड इतका, नायट्रोजनची ऑक्साइडं इतकी, न जळलेलं इंधन इतकं. वाऱ्याने धूर पातळ होतो, म्हणून प्रत्येक वायूचं कार्बन डायऑक्साइडशी असलेलं प्रमाण मोजायचं. अर्ध्या सेकंदात सगळं उरकायचं. गाडीला थांबायचीही गरज नाही.

यंत्राला इंधनातली भेसळही ओळखता यायची. पेट्रोलमध्ये थिनर किंवा तसलं काही मिसळलं असेल तर त्याची रेघ पडद्यावर लाल व्हायची. अशी रेघ दिसली की कमानीशेजारच्या खोलीत बसलेल्या हेमलताने ती तपासायची आणि दोनपैकी एक शेरा द्यायचा: 'भेसळ' किंवा 'यंत्रदोष'. एका गाडीवर दहा लाल रेघा झाल्या की परवाना स्थगित.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका पांढऱ्या व्हॅनवर सातवी लाल रेघ पडली. रेघ ॲसिटोनची, म्हणजे थिनरमधल्या द्रवाची होती. केसाएवढी बारीक, पण लपून राहण्यासारखी नव्हती. आणि ती व्हॅन हेमलताच्या नवऱ्याची होती.

भूपाल मगदूम एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाला होता. घरी बसवेना, म्हणून त्याने जुनी व्हॅन घेतली, मागे उतरती फळी बसवली, चाकाची खुर्ची जमिनीशी घट्ट धरून ठेवणारे चार आकडे ठोकले, खात्याकडून रीतसर मंजुरी आणली आणि चालता न येणाऱ्या माणसांची ने-आण सुरू केली. मिरजेत दवाखाने उदंड, त्यामुळे त्याला कधी माणसांची वाण पडली नाही. गतिरोधक आला की तो गाडी इतकी हळू घ्यायचा की मागचे हॉर्न वाजवायचे. "बसलेल्या माणसाला धक्का पायावर झेलता येत नाही," तो म्हणायचा. "सगळा पाठीत जातो. त्यांना वाजवू दे की हॉर्न."

हेमलताने आधी आपल्या अधिकारी केतकी रणदिवे यांना फोन केला.

"मॅडम, सात रेघांची गाडी माझ्या मालकांची आहे. दुसऱ्या कुणाला तरी तपासायला सांगा."

"दुसरं आहे कोण?" रणदिवे म्हणाल्या. "तुम्हीच तपासा. मी तुमचा तपास तपासते."

त्या संध्याकाळी भूपाल जेवायला बसला तेव्हा तिने सरळच विचारलं, "पेट्रोल कुठनं भरताय?"

"नेहमीच्याच पंपावर. का गं?"

"त्यात थिनर निघतंय."

भूपालने घास हातातच धरला. "माझ्या गाडीत? अगं, तुझ्या भीतीने मी बावीस वर्षं चूल पेटवताना पण धूर बघतोय."

"मी विचारतेय, आरोप नाही करत."

"सात वेळा लाल रेघ म्हणजे आरोपच झाला की," तो दुखावल्या आवाजात म्हणाला. जेवण झाल्यावर मात्र स्वतःच बाटली घेऊन खाली गेला आणि टाकीतलं पेट्रोल काढून तिच्यापुढे ठेवलं.

पेट्रोल स्वच्छ होतं. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल दोन दिवसांनी आला, त्यात थिनर नव्हतं, दुसरंही काही नव्हतं. दरम्यान आठवी रेघ पडली होती.

मग हेमलताने व्हॅनच्या महिन्याभराच्या सगळ्या फेऱ्या पडद्यावर काढल्या. एकाच टाकीतलं पेट्रोल, एकच इंजिन. भूपाल रिकामी गाडी घेऊन परत यायचा तेव्हा रेघ नाही. डायलिसिसचे पेशंट असले तरी नाही. लाल रेघ फक्त काही सकाळी, दहाच्या आसपास, सांगलीकडे जाताना. तिने भूपालची वही मागवून घेतली. आठही सकाळी गाडीत एकच प्रवासी होती, शाहीन बागवान.

शाहीन सत्तावीस वर्षांची. आठ वर्षांपूर्वी ट्रकने तिच्या स्कूटरला उडवलं तेव्हा मणका गेला, कमरेखालची संवेदना गेली. त्यानंतर तिने पदवी घेतली, परीक्षा दिली आणि सांगलीतल्या एका सरकारी कचेरीत नोकरीला लागली. भूपाल तिला पहिल्या दिवसापासून नेत होता. घरी आला की तिच्या गोष्टी सांगायचा: आज शाहीनने साहेबाला कायद्याचं कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं, आज शाहीनने डब्यातला खिमा दिला, मी म्हटलं आमच्यात चालत नाही, तर म्हणाली मग निदान वास घ्या काका. मी म्हटलं, तोही येत नाही. कोविडच्या साथीत गेलेला भूपालचा वास परत आलाच नव्हता.

सकाळच्या गारठ्यात काचा बंद असल्या की गाडीच्या आतली हवा मागच्या झडपांतून बाहेर पडते आणि धुरात मिसळते, हे हेमलताला ठाऊक होतं. म्हणजे ॲसिटोन इंजिनातून नाही, आतून येत होतं. नखांचा रंग काढायचं औषध ॲसिटोनचंच असतं. तेवढंच असेल, असं म्हणून दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून व्हॅनमध्ये बसली.

शाहीनला तिने चार महिन्यांत पाहिलं नव्हतं. फळीवरून खुर्ची वर चढली आणि हेमलता मनात चरकली. पोरीच्या गालांची हाडं वर आली होती, ओठ कोरडे पडून सोलले होते. नखं मात्र साधी, बिनरंगाची. ती बोलायला लागली तशी गाडीत मंद गोडसर वास पसरला, फार पिकलेल्या सफरचंदासारखा.

"वाळलीस गं," हेमलता म्हणाली.

"कचेरीत मला जाता येईल असं बाथरूमच नाही काकू. दार अरुंद, आत पायरी. म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही. तहानेने जीव जातो, पण काय करणार? घरी गेल्यावर तांब्याच्या तांब्या पिते." शाहीन हसली. "पाण्यावाचून माणूस वाळणारच की."

त्या दिवशी तिने आधी पुस्तकात पाहिलं, मग ओळखीच्या डॉक्टरणीला नाव न सांगता विचारलं. डॉक्टरणीने सोप्या शब्दांत सांगितलं. अंगात इन्सुलिन नसलं की रक्तात साखर असूनही पेशींना ती घेता येत नाही. घरात धान्य आहे, पण कोठाराची किल्ली हरवलीय, अशी गत. मग शरीर चरबी जाळायला लागतं, आणि त्या जळणातून जे निघतं त्यातलं एक ॲसिटोन. ते श्वासावाटे बाहेर पडतं. तहान, वजन उतरणं, श्वासाला गोड वास. असं चाललं तर रक्त आंबट होत जातं, आणि एक दिवस माणूस बेशुद्ध पडतं.

"किती दिवसांत?" हेमलताने विचारलं.

"ते कुणीच सांगू शकत नाही. तुम्ही त्या पेशंटला आजच्या आज घेऊन या."

नेमणुकीच्या कागदावरचं नववं कलम हेमलताला पाठ होतं. वाहनातील व्यक्तींविषयी कोणतीही माहिती यंत्रातून मिळाल्यास ती तत्काळ पुसावी, कोणासही सांगू नये. कमान वाहनांसाठी होती, माणसांसाठी नव्हती, आणि त्या अटीवरच लोकांनी ती रस्त्यावर उभी राहू दिली होती. 'यंत्रदोष' असा शेरा दिला असता तर भूपालचा परवाना वाचला असता, नोकरीही राहिली असती, आणि कुणाला काही कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा व्हॅनमध्ये बसली आणि गाडी गावाबाहेर पडताच तिने सगळं सांगितलं. कमानीचं, रेघांचं, श्वासाचं. शेवटी म्हणाली, "शाहीन, आत्ताच दवाखान्यात जाऊ या. रक्त तपासून घे. मी चुकले असेन तर तू मला वाट्टेल ते बोल."

शाहीनने तोंड खिडकीकडे वळवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे तुम्ही रस्त्यात उभं राहून माझा श्वास वाचत होता."

"मुद्दाम नाही गं. यंत्रात आलं ते."

"आठ वर्षं झाली काकू. माझ्या अंगात काय चाललंय ते डॉक्टरांना माहीत असतं, शेजाऱ्यांना माहीत असतं, कचेरीतल्या शिपायाला माहीत असतं. मला कोण काय विचारतं? उचलतात, ठेवतात, तपासतात. निदान श्वास तरी माझा आहे असं वाटत होतं."

भूपालने आरशातून मागे पाहिलं आणि गाडी बाजूला घेतली.

"कुठं नेऊ?" त्याने शाहीनला विचारलं.

"कचेरीत," ती म्हणाली.

त्याने तिला कचेरीत नेलं. शाहीन उतरून आत गेल्यावर हेमलता त्याच्यावर उखडली. "दवाखान्यात वळवायची की गाडी. पोर मरेल अशाने."

"तिने कचेरीत म्हटलं," भूपाल म्हणाला. "मी माणसं नेतो, सामान नाही." पण तो घरी गेला नाही. कचेरीसमोरच्या वडाखाली गाडी लावून बसून राहिला. हेमलता बसने कमानीवर गेली आणि दिवसभर पडद्यावर काय काय येऊन गेलं हे तिला कळलंही नाही.

साडेबाराला भूपालचा फोन वाजला. "काका, तुम्ही खालीच आहात हे मला खिडकीतून दिसतंय," शाहीन म्हणाली. "दवाखान्यात चला. काकूंना मात्र बोलावू नका."

रक्तातली साखर पाचशेच्या वर निघाली. पाच दिवस तिला दवाखान्यात ठेवलं, त्यातले दोन अतिदक्षता विभागात. सोमवारपर्यंत थांबला असता तर आणायचीच वेळ आली नसती, असं डॉक्टर भूपालला म्हणाले. हेमलता रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायची, शाहीनच्या आईच्या हातात डबा द्यायची आणि परत फिरायची. वर जायचं नाही, हे तिने स्वतःच ठरवलं होतं.

त्याच आठवड्यात तिने रणदिवे मॅडमना पत्र लिहिलं. नववं कलम मी मोडलं, का मोडलं, कसं मोडलं, सगळं. काही झाकलं नाही.

एक गोष्ट मात्र तिने लिहिली नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी भूपालची व्हॅन कमानीखालून गेली की ती त्याची रेघ मोठी करून बघत होती. वय त्रेसष्ट, त्याच्या वडिलांना साखर होती, भाऊ हृदयविकाराने गेला होता. रेघ सपाट दिसली की तिचा दिवस बरा जायचा. मग तिला वाटलं, ॲसिटोनच कशाला, श्वासात इतरही काही काही असतं. एके रात्री तिने जेवताना सहज म्हटलं, "काल दुपारी शेवचिवडा खाल्लात ना? आज तुमचा श्वास जरा वेगळा होता."

भूपालने तिच्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे तू मला रोज हुंगतीस व्हय?"

"काळजी वाटते म्हणून."

"मग विचार की मला."

"तुम्ही खरं कुठे सांगता? मागं छातीत दुखलं तेव्हा तीन दिवस लपवलंत."

"ते माझं चुकलं," भूपाल म्हणाला. "पण तीस वर्षांच्या संसारात तुला सांगायचं की नाही एवढं तरी माझ्याकडं राहू दे." तो रागावला नव्हता. त्याचा आवाज थकलेला होता, आणि हेमलताला तेच जास्त लागलं.

चौकशी फेब्रुवारीच्या शेवटी ठेवली. साक्षीला शाहीनला बोलावलं होतं. चौकशीची खोली पहिल्या मजल्यावर, आणि जिन्याला दुसरा पर्याय नव्हता. भूपालने खुर्ची जिन्याशी आणून उभी केली. दोन शिपाई उचलायला पुढे आले.

"उचलायचं नाही," शाहीन म्हणाली. "मला बोलावलंय, तर मी जाऊ शकेन अशा जागी बोलवा."

शिपाई वर गेले. दहा मिनिटांनी केतकी रणदिवे फाइली काखोटीला मारून स्वतः खाली आल्या, मागून कारकून टेबल घेऊन आला. जप्त केलेल्या गाड्यांच्या रांगेशेजारी, चिंचेच्या सावलीत चौकशी सुरू झाली.

"मगदूमबाई, तुम्ही एक जीव वाचवला आणि एक नियम मोडला," रणदिवे म्हणाल्या. "मला दोन्ही लिहावं लागेल. पण त्याआधी दुसरं आहे. तुमचं पत्र मी वर पाठवलं, तेव्हापासून वरचे लोक फार खूश आहेत. कमानीने ड्रायव्हरचा श्वास वाचायचा, असा प्रस्ताव निघालाय. साखर, दारू, झोपेची गोळी, सगळं. आजारी ड्रायव्हर आधीच पकडला तर अपघात कमी होतील, हे खोटं नाही. आणि हे शक्य आहे असं पहिल्यांदा दाखवणाऱ्या म्हणून तुमची शिफारस त्यांना हवी आहे. ती दिलीत तर नववं कलम कुणी उकरून काढणार नाही."

हेमलताने शाहीनकडे पाहिलं. महिन्याभरात त्या दोघी पहिल्यांदाच समोरासमोर आल्या होत्या. पोरीच्या गालांवर थोडं मांस चढलं होतं.

"मी बोलू का?" शाहीनने विचारलं. "काकूंमुळे मी जिवंत आहे. हे मी कुठेही लिहून देईन. पण काकूंनी मला सांगितलं. कमानीने सांगितलं नाही. काकू गाडीत येऊन बसल्या, माझं ऐकून घेतलं, आणि मी नाही म्हटलं तेव्हा काकांनी मला जिथं म्हटलं तिथं सोडलं. उद्या काकांच्या श्वासात काही सापडलं, तर आधी कुणाला कळणार? काकूंना, की परवाना रद्द करणाऱ्याला? आणि हे कळल्यावर किती ड्रायव्हर दवाखान्यात जातील, आणि किती कमान चुकवून गावातल्या बोळातून गाडी काढतील?"

"अपघात झाला तर?" रणदिवे म्हणाल्या. "तुम्हाला अपघात माहीत आहे."

"मला माहीत आहे," शाहीन म्हणाली. "त्या ट्रकवाल्याला सलग तिसऱ्या दिवशी गाडीवर बसवलं होतं. त्याचा श्वास कशाला वाचायला हवा होता? त्याला झोपू द्यायला हवं होतं."

चिंचेची बारीक पानं टेबलावर पडत राहिली. मग हेमलताने पेन मागून घेतलं. कोरड्या मनाने तिला लिहिता येईना, कारण त्या रेघेमुळे भूपाल रोज सकाळी तिला सुखरूप दिसत होता आणि ती आपल्याच हाताने पुसायची होती. तरी तिने लिहिलं. ॲसिटोनची रेघ इंजिनाच्या धुराबरोबर वरखाली होत असेल तरच ती भेसळ, ती यंत्राने मोजावी. धुराशी संबंध नसलेली प्रत्येक रेघ माणसाची समजावी, आणि ती पडद्यावर येण्याआधीच यंत्राने पुसावी. ड्रायव्हरांची तपासणी करायची तर दवाखान्यात, त्यांना सांगून, आणि परवान्याशी न जोडता करावी. खाली सही केली.

"याचा अर्थ नववं कलम लागेल," रणदिवे म्हणाल्या.

"लागू दे."

लागलं. तिची बढती दोन वर्षं थांबली. शिफारस मात्र रणदिवेंनी आपला शेरा जोडून वर पाठवली, आणि महिनाभर वरखाली होऊन ती एका जिल्ह्यापुरती, प्रयोग म्हणून का होईना, मंजूर झाली. शाहीनने 'भरपूर पाणी पिणे' असं लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी जोडून कचेरीत बाथरूमसाठी सातवा अर्ज केला. चिठ्ठीच्या भीतीने म्हणा किंवा लाजेने म्हणा, चाळीस दिवसांत रुंद दाराचं, बिनपायरीचं बाथरूम उभं राहिलं.

यंत्रात बदल करायला तंत्रज्ञ आला तो एप्रिलमधला सोमवार होता. हेमलताच्या शेजारी बसून त्याने काम उरकलं आणि तो निघून गेला. दहा वाजायला आले असताना पांढरी व्हॅन कमानीखालून गेली. पडद्यावर आलं: कार्बन मोनॉक्साइड ठीक, नायट्रोजनची ऑक्साइडं ठीक, भेसळ नाही. गाडी स्वच्छ. आत कोण आहे, कसं आहे, यावर एक अक्षर नाही. हेमलता त्या पडद्याकडे बघत राहिली. मग तिने फोन उचलला.

भूपाल गाडी चालवताना फोन घेत नसे. दोन मिनिटांनी त्याचाच फोन आला. "बाजूला घेतलीय गाडी. काय झालं?"

"काही नाही," हेमलता म्हणाली. "कसे आहात?"

"अगं, तासाभरापूर्वी तर घरनं निघालो."

"तरी सांगा."

पलीकडे इंजिन बंद झालं.

"गुडघा दुखतोय," भूपाल म्हणाला. "चार दिवस झाले. क्लच दाबताना कळ येते. तुला सांगणार होतो."

"संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊ."

"जाऊ."

मग फोन हातोहात मागे गेला असावा, कारण शाहीनचा आवाज आला. "काकू, माझी साखर सकाळी एकशे तीस होती. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतेय."